डाग दिसला, पण फिट कुणी पाहिली?

मेंदूच्या एमआरआयचे रिपोर्ट जोडलेली पत्रं या वेळी इतकी आली की हे सदर त्यांनाच देते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. पत्रावरून केलेली चर्चा म्हणजे तपासणी नव्हे, तेव्हा इथलं वाचून गोळ्या स्वतःहून बदलू नका.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे, राहायला जुळे सोलापुरात. माझी मुलगी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. अर्धशिशीचा जुना त्रास आहे म्हणून तिचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये डाव्या टेंपोरल भागात २.६ बाय १.९ सेंटिमीटरची 'अॅरॅक्नॉइड सिस्ट' आणि 'काही अविशिष्ट पांढरे ठिपके' असं लिहून आलं. एका डॉक्टरांनी "पुढेमागे फिट येऊ शकते" म्हणत लेव्हेटिरासेटम ५०० सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. तिला आजवर एकदाही फिट आलेली नाही. गोळी सुरू झाल्यापासून मात्र ती एकसारखी चिडचिड करते, फोनवर रडते. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलं आहे. मुलाकडच्यांना सांगायचं का? सांगितलं तर मोडेल, नाही सांगितलं तर फसवल्यासारखं होईल. तिच्या आईने फाइल कपाटात चादरींच्या घडीखाली लपवून ठेवली आहे.

उत्तर : भाऊ, ती फाइल आधी बाहेर काढा. लपवण्यासारखं तिच्यात काही नाही.

सिस्ट म्हटलं की घरात सगळ्यांच्या मनात गाठ येते, आणि गाठ म्हटलं की पुढचं काही ऐकूच येत नाही. ही तशी गाठ नाही. मेंदूवर तीन आवरणं असतात. त्यातल्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पातळ आवरणाचे पदर जन्माआधीच एखाद्या जागी सुटे होतात आणि मेंदूभोवती असतं तेच स्वच्छ पाणी तिथे साठतं. कानशिलाच्या आतली बाजू ही तिची नेहमीची जागा. अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी ४८ हजारांहून अधिक प्रौढांचे स्कॅन चाळले, तेव्हा शंभरात साधारण १.४ जणांच्या डोक्यात ती सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा काहीही त्रास नव्हता. हा हिशोब आपल्या गावाला लावून बघा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागे चालणाऱ्या एक हजार माणसांचे स्कॅन काढले, तर दहा-पंधरा जणांकडे तुमच्या मुलीसारखाच रिपोर्ट निघू शकतो. ते सगळे जेवतात, झोपतात, संसार करतात. फरक एवढाच की त्यांचा फोटो कुणी काढलेला नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचंही तसंच. अर्धशिशी असणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये ते इतके नेहमी दिसतात की तिच्या रिपोर्टमध्ये ते नसते तरी चाललं असतं आणि आहेत तरी चालतं. 'अविशिष्ट' याचा अर्थ एवढाच की हे ठिपके कोणत्याही एका आजाराकडे बोट दाखवत नाहीत.

आता फिटचं. फिट ही घडणारी गोष्ट आहे. ती काही मिनिटं घडते आणि संपते, आणि ती घडताना कुणीतरी पाहिलेली असते किंवा त्या माणसाला स्वतःला काहीतरी जाणवलेलं असतं. एमआरआय हा मेंदूच्या ठेवणीचा फोटो आहे. त्यात फिट दिसत नाही. फार तर फिट येण्याजोगी जागा दिसते. ज्याला कधीच फिट आली नाही, त्याच्या फोटोत सिस्ट दिसली म्हणून त्याला अपस्माराचा रुग्ण म्हणता येत नाही, आणि न आलेल्या फिटवर गोळीही सुरू करायची नसते. इतकंच काय, फिट येणाऱ्या माणसाच्या डोक्यात अशी सिस्ट सापडली तरी फिट तिथूनच येते असं धरून चालत नाही. बऱ्याचदा फिट दुसऱ्याच भागातून निघालेली असते आणि सिस्ट नुसती शेजारी असते.

"मग खात्रीसाठी ईईजी करून टाकू" असं तुम्हाला कुणी सुचवेल. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा कागदावर काढलेला आलेख. फिटची शंकाच नसताना ईईजी करू नका. ब्रिटनच्या हवाई दलात भरतीसाठी आलेल्या साडेतेरा हजारांहून अधिक धडधाकट तरुणांचे ईईजी तपासले, तेव्हा हजारात पाच जणांच्या कागदावर फिटसारख्या लहरी निघाल्या. म्हणजे एका निष्पाप कागदाला दुसरा निष्पाप कागद जोडायचा, आणि दोन्ही मिळून मुलीच्या कपाळावर शिक्का बसवायचा.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी मी सोलापुरात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. विडी वळणाऱ्या एका बाईंची एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली. एप्रिलचं ऊन, पाण्याच्या टँकरच्या रांगेत ती उभी होती, पडली, हातपाय झटकले. सीटी स्कॅनमध्ये चुन्याचा एक बारीक ठिपका दिसला. आई फक्त तेलुगू बोलायची. मला तेव्हा चार शब्दसुद्धा येत नव्हते, बाहेर पेशंटची रांग होती, आणि स्कॅन समोर होता. मी फिनिटोइन, म्हणजे फिटचं औषध, सुरू केलं. तीन वर्षं तिने ते घेतलं. हिरड्या सुजल्या. ठरलेलं लग्न "फेफरं येतं" म्हणून मोडलं. मग एकदा तिची मावशी सोबत आली, मराठी चांगलं बोलणारी, आणि त्या दिवशी रांगेत तिच्या मागेच उभी असलेली. तिने सांगितलं : "आधी तिचं तोंड पांढरंफटक पडलं, घामाने भिजली, डोळ्यांपुढं अंधार येतोय म्हणाली, मग कापडासारखी खाली बसली. दोन-चार झटके आले. पाणी मारलं तर लगेच उठून माझा नंबर गेला का म्हणून विचारलं."

ही फिट नव्हती. उन्हात, उपाशीपोटी उभं राहून रक्तदाब घसरल्यामुळे आलेली साधी भोवळ होती, आणि भोवळीतही दोन-चार झटके येतात. मी स्कॅनला विचारलं आणि मावशीला विचारलं नाही. गोळी हळूहळू बंद केली, त्यानंतर तिला कधीच काही झालं नाही. पण मोडलेलं लग्न मला जोडून देता आलं नाही. त्या वर्षापासून माझ्या दवाखान्यात तेलुगू आणि कन्नड बोलणारी एक सिस्टर कायम असते, आणि पाहणाऱ्याशी बोलल्याशिवाय मी फिल्म उजेडावर धरत नाही.

तुमच्या मुलीने काय करायचं ते सांगते. गोळी उद्या सकाळी झटकन बंद करू नका. तिला घेऊन मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा. एकदाही फिट आलेली नाही हे स्पष्ट सांगा, आणि टक लागणं, अचानक विचित्र वास येणं, झोपेत जीभ चावली जाणं असं कधी झालं आहे का याची चौकशी त्यांना करू द्या. तसं काही नसेल तर ते गोळी टप्प्याटप्प्याने उतरवतील. चिडचिड आणि रडू हे याच गोळीचे माहितीतले परिणाम आहेत, ते मुलीच्या स्वभावावर ढकलू नका. अर्धशिशीचा इलाज वेगळा आहे, तो राहूनच गेलेला दिसतो. सिस्टसाठी एवढंच लक्षात ठेवा : डोकेदुखीची जात बदलली, रोज वाढत गेली, उलट्या किंवा दृष्टीत फरक सुरू झाला तर लगेच दाखवा. डोक्याला जोराचा मार लागला तर अशा सिस्टच्या आजूबाजूला क्वचित रक्त साठतं. म्हणून दुचाकीवर हेल्मेट, अगदी कोपऱ्यावर जायचं असलं तरी.

आणि लग्न. तिला आजार नाही, त्यामुळे 'आजार लपवला' असं होत नाही. तरी माझं मत विचाराल तर सांगा, पण तुम्ही नव्हे. मुलीने त्या मुलाला सांगावं, रिपोर्ट दाखवून, चहा पिता पिता : अर्धशिशीसाठी स्कॅन केला, जन्मापासूनची पाण्याची पिशवी दिसली, डॉक्टर म्हणतात काही करायचं नाही. तो घाबरला तर दोघांनी मिळून तज्ज्ञांना भेटावं. कपाटातली फाइल लग्नानंतर सापडली तर तिचा अर्थ उगाच वेगळा होतो. आणखी एक गोष्ट सगळ्याच आईबापांना माहीत असावी. मुलीला खरोखर अपस्मार असता, तरी कायद्याने तिचं लग्न अडलं नसतं. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून 'अपस्मार' हा शब्द १९९९ साली काढून टाकला आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. तब्येत ठणठणीत. एका ठिकाणी संपूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये मेंदूचा एमआरआय सवलतीत आहे. करून घ्यावा का?

उत्तर : करू नका, सर. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम शहरातल्या २,००० लोकांचे स्कॅन झाले, सगळे ४५ च्या पुढचे. शंभरात सातांपेक्षा थोड्या जास्त लोकांत न कळत होऊन गेलेल्या पक्षाघाताच्या छोट्या झटक्याच्या खुणा निघाल्या, १.८ जणांत रक्तवाहिनीचा फुगवटा, १.६ जणांत साधी, कॅन्सर नसलेली गाठ. यातल्या बऱ्याच गोष्टींवर "बघत राहू" हाच इलाज असतो, आणि ते बघत राहणं तुम्ही जन्मभर डोक्यात घेऊन फिरता. झटक्याच्या खुणा टाळायच्या तर रक्तदाब आणि साखर दोन्ही मोजा. त्या पैशात रक्तदाबाचं चांगलं यंत्र येईल.

प्रश्न : मॅडम, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. वय ३१. दोन महिन्यांपूर्वी पहाटे चारला मागावर उभा असताना उजव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली, मग हात, आणि पुढचं मला आठवत नाही. सोबतचे म्हणतात, सगळं अंग ताठ झालं, झटके आले, जीभ चावली गेली, अर्धा तास मी कुणाला ओळखत नव्हतो. नाकाला चप्पल लावली, हातात चावी दिली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला पुढे ५ मिलिमीटरचा 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा' आला. डॉक्टर म्हणाले जंताचा डाग. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा खाल्लं नाही, माळकरी आहोत. डुकराचा जंत माझ्या डोक्यात कसा? शेजारचे म्हणतात असे डाग बऱ्याच जणांना असतात, गोळी घेऊ नको.

उत्तर : शेजारच्यांचं अर्धं बरोबर आहे. असे वाळलेले डाग फिट न येणाऱ्या अनेकांच्या डोक्यात असतात, आणि त्यांना मी गोळी देत नाही. वर बँकेतल्या भाऊंना लिहिलं ते त्यांच्यासाठी. पण तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने वेगळी केली : आधी उजव्या हाताची बोटं उडाली. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात असतो, आणि तुमचा डाग डाव्या बाजूला, पुढे आहे. फिट जिथून सुरू झाली ती जागा आणि फोटोतला डाग एकमेकांना ओळख देतात. डाग तोच, पण तुमच्यासाठी तो साक्षीदार आहे. फिट एकच आली असली तरी असा जुळणारा डाग असला की पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून गोळी सुरू करणं मला योग्य वाटतं. चुकवू नका. दोन-तीन वर्षं एकही फिट आली नाही तर बंद करण्याचा विचार होतो, तोही डॉक्टरांसोबत बसून.

आता जंताचं. हा प्रश्न मला पंढरपूरच्या वाटेवरच्या कित्येक माळकऱ्यांनी विचारला आहे, मान खाली घालून, जणू त्यांच्या हातून पाप घडलं. तुमच्याकडून काहीही घडलेलं नाही. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. ती हातावर, पाण्यात, उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या मातीत आणि तिथून भाजीवर जातात. दुसऱ्या कुणी ती गिळली की अळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचते. म्हणजे मेंदूतला जंत मांस खाल्ल्याने येत नाही. कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून येतो. कोथिंबीर, मुळा, काकडी, कारखान्याबाहेरच्या गाड्यावरची कच्ची कोबी, काहीही कारण असू शकतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येक घरात पिंप भरून ठेवलेलं असतं आणि त्यात येता-जाता हात बुडतो. पिंपाला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा, कच्चं खायचं ते वाहत्या पाण्यात धुवा.

अशा छोट्या डागांना आपल्या देशात पूर्वी सरसकट क्षयाची गाठ समजून वर्ष-दीड वर्ष टीबीची औषधं दिली जायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी असे डाग प्रत्यक्ष काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि दाखवून दिलं की त्यातले बहुतेक मरणाऱ्या जंताचे आहेत. तुमचा जंत तर केव्हाच मेलेला आहे, त्याच्या जागी चुना साठला आहे. त्यामुळे जंत मारायची गोळी तुम्हाला लागत नाही. कुणी लिहून दिली असेल तर कशासाठी ते विचारा.

कामाचं बघावं लागेल. जागरण हे फिटला मिळणारं सगळ्यात सोपं आमंत्रण आहे, आणि तुमची फिट पहाटे चारलाच आली. मालकांना डॉक्टरांचं पत्र दाखवून दिवसपाळी मागा, आणि निदान काही महिने चालत्या मागापासून दूरचं काम, घडी घालणं, पॅकिंग. दुचाकी चालवू नका, विहिरीत पोहू नका, शिडीवर चढू नका. आणि सोबत्यांना एवढं शिकवून ठेवा : कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एकीमागून दुसरी आली, तर १०८ ला फोन. चप्पल, कांदा, चावी यांनी काहीच होत नाही. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जातं.

प्रश्न : अशोक चौकातून लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा. बोलता बोलता दहा सेकंद थांबतो, डोळे शून्यात, मग जिथं थांबला तिथून पुढं बोलतो. दिवसातून कितीदा तरी. बाई म्हणतात वर्गात लक्ष नाही, त्याला मार पण बसला. डॉक्टर म्हणतात ही फिटच आहे. पण एमआरआय तर एकदम नॉर्मल आलाय! मग आजार कसा? पुण्याला नेऊन मोठ्या मशीनवर परत काढावा का?

उत्तर : ताई, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका. तुमच्या मुलाचा एमआरआय नॉर्मलच यायला हवा होता. या प्रकारच्या फिटमध्ये मेंदूच्या बांधणीत दोष नसतो. त्याची वीज काही सेकंदांसाठी एका तालात अडकते आणि सुटते. ते ईईजीत दिसतं, सेकंदाला साधारण तीन या वेगाच्या लहरी. माझ्या टेबलाच्या खणात यासाठी कागदाचं भिरभिरं असतं. मुलाला म्हणते, हे थांबू द्यायचं नाही, फुंकत राहा. दोन-तीन मिनिटं जोरात फुंकलं की अशी फिट बहुतेकदा माझ्यासमोरच येते : फुंकर थांबते, पापण्या थोड्या फडफडतात, भिरभिरं आपोआप मंदावतं, आणि मग तो पुन्हा फुंकायला लागतो, त्याला काही कळलेलंही नसतं. हे घरी करून बघू नका, डॉक्टरांसमोरच करायचं.

या फिटना चांगल्या गोळ्या आहेत, आणि वयात येताना बहुतेक मुलांची ही फिट जाते. स्कॅन पुन्हा काढायची वेळ वेगळ्या मुलांवर येते, ज्यांची फिट शरीराच्या एका बाजूने सुरू होते किंवा गोळ्यांना दाद देत नाही. त्यांच्या साध्या स्कॅनमध्ये कानशिलामागचा बारीक वळलेला भाग, हिप्पोकॅम्पस, नीट दिसत नाही. त्यासाठी पातळ कापांचा खास एमआरआय मागावा लागतो. तुमच्या मुलाला त्याची गरज दिसत नाही.

त्याला मार बसला हे वाचून मात्र फार वाईट वाटलं. उद्याच शाळेत जा, रिपोर्टची झेरॉक्स न्या आणि बाईंना सांगा की त्या दहा सेकंदांत तो वर्गात नसतो, हट्टाने नव्हे. त्या वेळी बोललेलं वाक्य त्याच्यासाठी पुन्हा एकदा म्हणायचं, एवढीच विनंती करा. शाळेला लेखी हवं असेल तर मला कळवा, पत्र मी देते. आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून न्या. जेवताना काढलेला असला तर उत्तम, घास हातात थांबलेला स्पष्ट दिसतो.